हवेच्या चाकाचा दुसरा जनक : जॉन बॉइड डनलॉप

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची बैलगाडी गोठ्यामागे अद्याप उभी असेल, त्यांनी एकदा तिच्या चाकाजवळ जाऊन बसावे. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठ्ठे आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारा लोखंडाचा पट्टा तेथे दिसेल. या पट्ट्याला धाव म्हणतात. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे चाकाला रोद म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे; परंतु धाव हा सुंदर शब्द मी प्रथम ऐकला तो तुमच्या या कापूसपट्ट्यात. लोहार ती धाव भट्टीत लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओतताच ती आकसून लाकडाला घट्ट बिलगे. मग बाभळीचा काटा असो की फुटकी काच, तिला कशाचेच भय नसे. भय असे ते गाडीत बसणाऱ्याला. कापसाच्या हंगामात तामसीहून आदिलाबादच्या बाजारापर्यंत अशा गाडीतून गेलेले वृद्ध गावात असतील, तर त्यांना विचारा. रस्त्यावरचा प्रत्येक दगड चाकाकडून आसाकडे, आसाकडून साटीकडे आणि साटीकडून थेट पाठीच्या कण्याकडे कसा पोचत असे, ते त्यांच्या मुखातून ऐकण्यासारखे आहे.

न फुटणारे परंतु अंग खिळखिळे करणारे चाक हजारो वर्षे माणसाने निमूटपणे वापरले. त्याच्या जागी अंगाला सुखविणारे, पण काट्याने फुटू शकणारे चाक जगाच्या गळी उतरविले ते एका गुरांच्या डॉक्टराने. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप. हे नाव आपण टायरांवर अनेकदा वाचले असेल. त्यामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या खेड्यात झाला. वडील शेतकरी. मूल दिवस भरण्यापूर्वीच, सुमारे दोन महिने आधी जन्माला आले होते. त्यामुळे तुझी प्रकृती नाजूक आहे, जपून राहा, असे त्याला लहानपणापासून बजावण्यात आले. ते त्याने इतके मनावर घेतले की जन्मभर तो आपल्या प्रकृतीला काचेच्या भांड्याप्रमाणे सांभाळीत राहिला. गंमत अशी की हा नाजूक समजला गेलेला माणूस पुढे ८१ वर्षे जगला. शेतीच्या कष्टाला मुलगा पुरा पडणार नाही असे वाटल्यामुळे असो, की बुद्धी चांगली म्हणून असो, त्याला शिकविण्याचे ठरले. जवळच्या अर्विन गावी शालेय शिक्षण झाले आणि पुढे एडिंबरो येथे विल्यम डिक यांनी स्थापिलेल्या पशुवैद्यक विद्यालयात तो दाखल झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो पशुवैद्य झाला.

सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये व्यवसाय केल्यावर १८६७ मध्ये डनलॉप समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. प्रथम डाऊनपॅट्रिक येथे जेम्स या आपल्या भावासह त्यांनी गुरांचा दवाखाना चालविला. नंतर ते बेलफास्ट शहरात येऊन मे स्ट्रीट या रस्त्यावर स्थिरावले. त्या काळी शहरातील सर्व वाहतूक घोड्यांवर अवलंबून होती. माल घोड्याच्या गाडीतून जाई, माणसे घोड्याच्या ट्राममधून जात. अशा शहरात चांगल्या पशुवैद्याला कामाची वाण कशी पडावी? १८८० नंतरच्या दशकात डनलॉप यांचा दवाखाना साऱ्या आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला. ते उंच, दाढीधारी, मितभाषी आणि काहीसे संकोची असे गृहस्थ होते. मार्गारेट स्टीव्हन्सन या त्यांच्या पत्नी. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. मुलाचे नावही जॉनच. घरात त्याला जॉनी म्हणत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुरांच्या उपचारासाठी लागणारी रबराची लहानसहान साधने डनलॉप स्वतःच्या हातांनी तयार करीत. रबर कसे कापावे, कसे जोडावे, त्याला किती ताण सोसतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. घोड्याच्या खुरांखाली आणि चाकांखाली रस्ता कसा बोलतो, हे ते वर्षानुवर्षे पाहत आले होते. त्यामुळे पुढे जे घडले ते एका रात्रीत सुचलेले नवल नव्हते.

जॉनी नऊ-दहा वर्षांचा असताना त्याच्याजवळ एक तीनचाकी सायकल होती. त्या वेळच्या सायकलींच्या चाकांवर भरीव रबराची अरुंद पट्टी असे. ही पट्टी लोखंडी धावेपेक्षा बरी खरी, पण फार बरी नव्हे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांनी फरसबंद केलेले. मधून ट्रामचे रूळ गेलेले. अशा रस्त्यावरून सायकल हाकताना मुलाच्या अंगाला जे हादरे बसत, ते त्याने वडिलांना सांगितले असले पाहिजेत. कोणते मूल सांगत नाही? सायकलीचे हे दुखणे काही त्याचे एकट्याचे नव्हते. तत्पूर्वीच्या एका जुन्या सायकलीला तर इंग्रजीत हाडे खिळखिळी करणारी असेच टोपणनाव पडले होते. परंतु इतर बापांनी मुलाला फार तर सावकाश हाकण्यास सांगितले असते. डनलॉप यांनी चाकाचाच विचार करण्यास आरंभ केला.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी पहिला प्रयोग केला. लाकडाची एक मोठी गोल तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून एक नळी तयार केली. तिच्यात फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने हवा भरली आणि कापडाच्या पट्टीने ती नळी तबकडीच्या कडेवर गुंडाळून खिळ्यांनी पक्की केली. मग जॉनीच्या तीनचाकीचे भरीव रबराचे एक चाक काढून ते दोन्ही घेऊन आपल्या आवारात आले. प्रथम त्यांनी सायकलीचे चाक जोराने जमिनीवरून घरंगळत सोडले. ते काही अंतर गेले, डगमगले आणि आवाराचे दुसरे टोक गाठण्यापूर्वीच आडवे पडले. त्यानंतर तितक्याच जोराने त्यांनी लाकडाची तबकडी सोडली. ती सरळ आवाराच्या टोकापर्यंत गेली, तेथे फाटकाच्या खांबावर आदळली आणि उसळून मागे आली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या साध्या प्रयोगापाशी थोडे थांबावे. डनलॉप शोधीत होते मुलाच्या अंगाला आराम. त्यांना त्याबरोबर वेगही सापडला. असे का झाले? भरीव चाकाच्या वाटेत खडा आला की चाकाला, आणि त्यावरील सर्व भाराला, त्या खड्यावर चढावे लागते व पुन्हा खाली आदळावे लागते. प्रत्येक चढउतारात पुढे जाण्याची काही शक्ती वाया जाते. ती हादऱ्याच्या रूपाने गाडीत आणि माणसाच्या अंगात जिरते. हवेची नळी असली म्हणजे खडा त्या नळीत थोडासा रुततो, आतली हवा क्षणभर दाबली जाते आणि लगेच आपली जागा परत घेते. चाकाचा आस जवळजवळ सपाट रेषेत पुढे जातो. हादरा कमी झाला म्हणून शक्ती वाचली आणि शक्ती वाचली म्हणून चाक दूर गेले. अंगाला सुख देणारी वस्तू हळू चालते अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे ती उलटी ठरली.

डनलॉप यांनी मग तीनचाकीची मागची दोन्ही चाके हवेच्या नळ्या लावून तयार केली. १८८८ च्या आरंभी जॉनीने त्यांवरून फेरी मारली आणि तो प्रसन्न होऊन परतला. त्यानंतर दुचाकी सायकलीवर प्रयोग झाले. बेलफास्टच्या एडलिन कंपनीने या जाड चाकांना सामावून घेतील अशा सायकली बनविल्या, कारण जुन्या सायकलींच्या चिमट्यात ही चाके मावत नसत. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांच्या शोधाला इंग्लंडच्या सरकारचे पेटंट मिळाले. वय झाले होते ४८. ज्या वयात बहुतेक माणसे नवे काही करण्याचा नाद सोडतात, त्या वयात या पशुवैद्याचे नाव शोधकांच्या यादीत दाखल झाले.

लोकांनी मात्र आरंभी या चाकांची मनसोक्त थट्टा केली. बारीक, सडपातळ पट्ट्यांची सवय असलेल्या नजरेला हे फुगलेले चाक गलेलठ्ठ आणि हास्यास्पद वाटले. ही थट्टा १८ मे १८८९ रोजी थांबली. त्या दिवशी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती होत्या. विली ह्यूम हा तेथील एका सायकल संघाचा नायक. त्याने हवेच्या चाकांची सायकल विकत घेतली होती. तो स्वतःला काही अजिंक्य खेळाडू समजत नव्हता, आणि प्रेक्षकही समजत नव्हते. त्याची सायकल मैदानात येताच हशा पिकला. परंतु शर्यत संपली तेव्हा ह्यूम पुढे होता. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. चारही शर्यती त्यानेच जिंकल्या. पुढे लिव्हरपूल येथे जाऊनही त्याने एक सोडून सर्व शर्यती जिंकल्या. शर्यतीच्या मैदानावर आराम मागणारा कोणी नसतो, सर्वांना वेग हवा असतो. आणि जी गोष्ट आरामाच्या नावाने विकली गेली नसती ती वेगाच्या नावाने हातोहात खपली. माणसांचा स्वभाव तसाच आहे.

त्या दिवशी हरलेल्या स्पर्धकांत हार्वे डु क्रॉस या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. डु क्रॉस हे आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि व्यवहारात अत्यंत चतुर. आपली पोरे का हरली याचा त्यांनी शोध घेतला आणि हरण्याचे कारणच विकत घेण्याचे ठरविले. १८८९ मध्येच डब्लिन येथे हवेचे टायर तयार करणारी कंपनी निघाली. डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले व मोबदल्यात काही भाग घेतले. कंपनीचा जम बसत होता. तोच एक अनपेक्षित बातमी आली.

डनलॉप यांचे पेटंट अवैध ठरले. कारण हवेचे चाक त्यांच्या कितीतरी आधी एकाने शोधून काढले होते!

त्या गृहस्थाचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. हाही स्कॉटलंडचाच; १८२२ मध्ये स्टोनहेवन गावी जन्मलेला. १८४५ च्या डिसेंबरात, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचे बालक असताना, त्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. पुढच्या दोन वर्षांत फ्रान्समध्ये व अमेरिकेतही घेतले. रबर चढविलेल्या कापडाची नळी आत आणि चामड्याचे वेष्टन बाहेर, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या गाड्यांना हे टायर लावून त्यांची परीक्षाही झाली आणि ती उत्तम उतरली. एक संच तर बाराशे मैल चालला असे नमूद आहे. मग हा शोध चाळीस वर्षे अज्ञातवासात का गेला? कारण त्या वेळी सायकल नव्हती, मोटार नव्हती आणि पातळ, चांगले रबर महाग होते. घोड्याच्या गाडीच्या मालकाला आरामासाठी एवढा खर्च करण्याची निकड वाटली नाही. थॉमसनने अखेर स्वतःच हवेचा नाद सोडला आणि १८६७ मध्ये वाफेच्या रस्त्यावरील इंजिनासाठी जाड भरीव रबराचे टायर बनविले. त्या इंजिनांपैकी काही १८७० नंतर हिंदुस्थानात आली आणि पंजाबातील ग्रँड ट्रंक रस्त्यावर क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने ती चालविली. १८७३ मध्ये थॉमसन मरण पावला. डनलॉप यांना त्याच्या पेटंटाची कल्पना नव्हती, हे सर्व मान्य करतात. तरीही कायद्याच्या दृष्टीने पहिला तो पहिलाच.

म्हणून या लेखाच्या मथळ्यात मी डनलॉप यांना दुसरा जनक म्हटले आहे. काही पुस्तके थॉमसनचे नावच घेत नाहीत, तर काही लेखक डनलॉप यांना केवळ नशीबवान ठरवितात. दोन्ही अन्याय आहेत असे मला वाटते. थॉमसनची बुद्धी काळाच्या पुढे धावली. डनलॉप यांचे चाक काळाने जेथे हवे तेथे, जेव्हा हवे तेव्हा जागेवर आले. स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची सायकल १८८५ मध्ये बाजारात आली होती आणि लाखो लोक तिच्यावर बसण्यास उत्सुक होते. त्यांच्यासाठी हे चाक योग्य वेळी तयार झाले.

पेटंट गेल्यावर कंपनी बुडावयाची. पण डु क्रॉस डगमगले नाहीत. डनलॉप यांच्या मूळ टायरात मोठे व्यंग होते. तो चाकाला जवळजवळ कायमचा चिकटविलेला असे, त्यामुळे एक पंक्चर काढण्यास काही तास लागत. हे व्यंग दूर करणारे नवे शोध १८९० च्या सुमारास इतरांनी लावले. वेल्श यांनी टायरच्या कडेत तार घालण्याची युक्ती काढली, बार्टलेट यांनी कड रिमच्या खाचेत अडकविण्याची पद्धत शोधली, तर वुड्स यांनी सोईचा व्हॉल्व्ह केला. यांपैकी महत्त्वाचे हक्क कंपनीने विकत घेतले आणि ती तरली. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये झटपट काढता येणारा टायर बनविला व १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत प्रथमच हवेच्या टायरांची मोटार धावविली. वाटेत तिचे टायर इतक्यांदा फुटले की इतर स्पर्धकांना हसू आवरेना. तरीही गाडी परत पोचली.

आज तुमच्या गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात टायर उलगडून, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून, बुडबुडा पाहून ठिगळ लावतात. त्या कामाला काही मिनिटे लागतात, याचे श्रेय डनलॉप यांच्यानंतर आलेल्या या मंडळींना आहे.

आता पैशाची गोष्ट. १८९६ मध्ये डु क्रॉस यांनी ही कंपनी टेरा हूली नावाच्या धाडसी सावकाराला तीस लक्ष पौंडांना विकली. त्याने ती लगेच पन्नास लक्ष पौंडांना लोकांपुढे मांडली. या पैशांच्या महापुरात डनलॉप यांच्या पदरी काय पडले? फारसे काही नाही. कंपनीच्या कारभाराशी त्यांचे सूर जुळले नव्हते व हा व्यवहार होण्याच्या सुमारास ते बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. १८९२ मध्ये ते बेलफास्ट सोडून डब्लिनला स्थायिक झाले होते. पशुवैद्यकीचा व्यवसाय त्यांनी सोडला आणि पुढे एका कापडाच्या दुकानाच्या धंद्यात लक्ष घातले. जगातील रस्त्यांवर त्यांच्या नावाचे टायर धावत असताना ते डब्लिनमध्ये साधेपणाने राहत होते.

त्यांनी संपत्तीसाठी भांडण केल्याचे दिसत नाही. भांडले ते एका चित्रासाठी. कंपनीने जाहिरातींतून त्यांची दाढी असलेली मूर्ती वापरण्यास आरंभ केला आणि तिला छानछोकी माणसाचा पोशाख चढविला. साध्या राहणीच्या वृद्धाला आपल्या तोंडावर हे नटवेपण चिकटविलेले पाहून संताप आला. त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. दावा कोठे चालवावा हा प्रश्न थेट इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. या प्रसंगी मला हा अबोल माणूस विशेष जवळचा वाटतो. नाव विकले गेले, पैसा दुसऱ्यांना मिळाला, हे त्याने सोसले. परंतु आपण जसे नाही तसे लोकांना दिसावे, हे त्याला सोसवले नाही.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातील राहत्या घरी डनलॉप यांचे निधन झाले. डीन्सग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता; तो त्यांच्या मृत्यूनंतर कन्येने प्रसिद्ध केला. त्यांनी केलेला एक आरंभीचा टायर एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे.

हवेच्या चाकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टायरांची मागणी वाढली तशी रबराची वाढली आणि आफ्रिकेतील काँगो देशात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलाखाली रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. रॉजर केसमेंट या आयरिश वंशाच्या ब्रिटिश वकिलाचा त्याविषयीचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जग हादरले, आणि १९०८ मध्ये तो मुलूख राजाच्या हातून काढून घेण्यात आला. डब्लिनमध्ये कापडाचे दुकान पाहणाऱ्या डनलॉप यांचा यात काही दोष नव्हता. तथापि एका बालकाच्या सुखासाठी निघालेल्या वस्तूच्या पाठीमागे इतके दुःख उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. पुढे मलाया, श्रीलंका आणि आपल्या केरळात रबराचे मळे झाले तेव्हा जंगलातील रबरावरची भिस्त सुटली.

आपल्या देशात डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे निघाला. तो आता बंद पडला आहे. परंतु खेड्यांना या नावाची खरी ओळख झाली ती बैलगाडीमुळे. हवेचे टायर लावलेली गाडी आली आणि देशाच्या काही भागांत तर गाडीचेच नाव डनलॉप पडले. अशी गाडी ओढताना बैलांच्या खांद्यांवरील ताण कमी होतो, तेवढ्याच श्रमांत अधिक भार जातो आणि लोखंडी धावेप्रमाणे रस्त्याला चिरा पडत नाहीत. घोड्यांच्या दुखण्यात आयुष्य घालविलेल्या डनलॉप यांना हे पाहून किती समाधान झाले असते! शेतकऱ्याची शंका मात्र रास्त होती. पावसाळ्यानंतरची काळी माती, बांधावरच्या बाभळी आणि गाडीत कापसाचा भारा. अशा वेळी काटा शिरला तर काय करावे? लोखंडी धावेने हा प्रश्न त्याच्या आजोबाला कधी विचारला नव्हता.

नेमका हाच प्रश्न मोटारीच्या कारखानदारांनाही सतावीत होता. १९७२ मध्ये डनलॉप यांच्याच नावाच्या इंग्लंडमधील कंपनीने हवा गेल्यावरही चालू शकणारा टायर जगापुढे आणला. त्याला डेनोव्हो असे नाव पडले. पंक्चर होताच त्यातील लहान डब्या फुटून आतून एक चिकट द्रव पसरे. त्यानंतर बाजूच्या भिंती जाड व ताठ केलेले टायर निघाले; त्यांना रन-फ्लॅट म्हणतात. हवा पूर्ण निघून गेली तरी त्या भिंतीच गाडीचा भार पेलतात आणि सामान्यतः ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने आणखी सुमारे ८० किलोमीटर जाता येते. रात्री, निर्जन रस्त्यावर, पावसात चाक बदलण्याची वेळ येत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांनी आपल्या अनेक गाड्यांना हे टायर बसविले आणि जादा चाकाची जागा डिकीतून काढून टाकली.

पण भिंत ताठ झाली म्हणजे ती दाबली जात नाही. जो खडा हवेने गिळावयाचा तो पुन्हा गाडीत आणि गाडीतल्या माणसाच्या पाठीत पोचू लागला. टायर जड झाल्यामुळे खड्ड्यातील आदळणेही वाढले. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे अधिकच जाणवते. म्हणून अनेक गाडीमालक हे महागडे टायर उतरवून साधे टायर बसवितात. जॉनीच्या वडिलांनी १८८७ मध्ये आवारात दोन चाके घरंगळवून जी निवड केली, तीच निवड ते करतात असे म्हणावयास हरकत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या नातेवाइकांजवळ अशी गाडी असेल व ते साधे टायर बसविण्याचा विचार करीत असतील, तर दोन गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्या. चारही टायर एकाच जातीचे असावेत. दोन ताठ आणि दोन मऊ असे मिश्रण वळणावर धोक्याचे ठरते. शिवाय अशा गाडीत जादा चाक ठेवण्याची मूळची सोय नसते. तेव्हा एक जादा चाक, आणि ते मावत नसेल तर निदान हवेचा पंप व ठिगळाचे साहित्य, डिकीत ठेवल्याशिवाय आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याला लागू नये.